दगडात दडलेला पक्षी बाहेर काढायचा तर: थ्री-डी स्लायसरचे परीक्षण

मार्च २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये ॲस्टेरिऑर्निस या पक्ष्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. वय सुमारे ६ कोटी ६७ लाख वर्षे, म्हणजे डायनोसॉर नामशेष होण्याच्या किंचित आधीचे. बेल्जियममधल्या चुनखडीच्या खाणीतून आलेल्या त्या दगडावर पायाच्या हाडांचे मोडके तुकडे तेवढे दिसत होते. केंब्रिजच्या सूक्ष्म-सीटी यंत्रात दगड फिरला आणि आत जवळजवळ पूर्ण, न चेपलेली कवटी सापडली: पुढून कोंबडीच्या वळणाची, मागून बदकाच्या.

बातम्यांमध्ये श्रेय स्कॅनरला मिळाले आणि ते रास्तच होते. पण स्कॅनरमधून बाहेर पडतात ते करड्या रंगाचे दीड-दोन हजार छेद. त्यांत कुठेही ‘ही कवटी’ असे लिहिलेले नसते. कुठला ठिपका हाडाचा आणि कुठला चुनखडीचा, हे कोणीतरी बसून छेदागणिक ठरवावे लागते. हे काम आठवडे, कधी महिने चालते आणि पक्ष्याचे निदान त्यावरच उभे असते. त्यासाठी जे मोफत सॉफ्टवेअर आज सर्वांत जास्त हाताशी आहे, त्या थ्री-डी स्लायसरचे हे परीक्षण आहे, तेही एवढ्याच एका कामापुरते: जुन्या पक्ष्यांचे जीवाश्म.

स्लायसरची सुरुवात १९९८ च्या सुमारास बॉस्टनमध्ये, एमआयटी आणि ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटल यांच्या संशोधनातून झाली. म्हणजे मुळात ते रुग्णांच्या स्कॅनसाठी. हाडांच्या अभ्यासकांना ते खऱ्या अर्थाने कामाचे झाले स्लायसरमॉर्फ या जोडणीमुळे. सिॲटलच्या मुरात मागा यांच्या गटाने ती तयार केली आणि तिच्यावरचा शोधनिबंध २०२१ मध्ये आला. दोन्ही फुकट, दोन्हींचा कोड खुला, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालणारे.

निकाल आधीच सांगून टाकायचा तर, दगडाच्या गोळ्यात तिन्ही मितींत टिकलेल्या पक्ष्यासाठी हे सॉफ्टवेअर उत्तम आहे, महागड्या सॉफ्टवेअरच्या तोडीस तोड. पाटीवर चपटा झालेल्या पक्ष्यासाठी ते कामचलाऊ आहे, आणि त्यात दोष त्याचा कमी, स्कॅनचा जास्त. सिंक्रोट्रॉनवरून (अतिप्रखर क्ष-किरण देणाऱ्या भल्यामोठ्या यंत्रावरून) आलेला पूर्ण आकाराचा डेटा मात्र साध्या लॅपटॉपवर यात उघडायच्या भानगडीत पडू नये.

संगणक किती मोठा लागतो

हिशेब सोपा आहे. स्कॅनरच्या डिटेक्टरची रुंदी साधारण २,००० पिक्सेलची धरा. १०० मिलिमीटर रुंद दगड त्यात पूर्ण मावला, तर एक व्हॉक्सेल, म्हणजे त्रिमितीय चित्राचा सर्वांत लहान ठोकळा, ०.०५ मिलिमीटरचा होतो. असे २,००० × २,००० × २,००० व्हॉक्सेल, प्रत्येकाला १६ बिट, म्हणजे २ बाइट. झाले १६ जीबी. स्लायसरच्या मार्गदर्शिकेचा ठोकताळा असा, की उघडलेल्या डेटाच्या दहापट मेमरी असावी. म्हणजे १६० जीबी, जी कोणाच्या टेबलावर नसते.

म्हणून पहिल्या दिवशी अर्ध्या रेझोल्यूशनवर काम करायचे. तिन्ही बाजू निम्म्या झाल्या की डेटा आठव्या हिश्श्यावर येतो, २ जीबीवर, आणि ३२ जीबीच्या संगणकावर हात मोकळेपणाने चालतो. मूळ फाइल १६ बिटची असेल तर ती ८ बिट करूनही निम्मी जागा वाचते, पण पक्ष्याच्या जीवाश्माला हा उपाय शक्यतो लावू नये. हाड आणि खडक यांच्या करड्या छटांत आधीच थोडेसे अंतर असते. २५६ पायऱ्यांत ते कोंबले की उरलेसुरलेही पुसट होते. त्यापेक्षा ‘क्रॉप व्हॉल्यूम’ने कवटीपुरता चौकोन कापून घ्या आणि तो पूर्ण रेझोल्यूशनला ठेवा.

‘मागे घ्या’ची सोयही मेमरी खाते. सेगमेंट म्हणजे छेदांवर रंगवून वेगळा केलेला भाग; ते रंगवायचे साधन, सेगमेंट एडिटर, मागच्या दहा अवस्था जपून ठेवते. मोठ्या फाइलवर अचानक सगळे गोठले तर आधी हा आकडा दोन-तीनवर आणून पाहा.

डेटा आणायचा कुठून

ड्यूक विद्यापीठाचे मॉर्फोसोर्स हे भांडार आणि ग्रनोबलच्या ईएसआरएफ सिंक्रोट्रॉनचा जीवाश्म-डेटाबेस ही दोन ठिकाणे आधी पाहावीत. मॉर्फोसोर्सवर खाते मोफत आहे. काही फाइली लगेच उतरवता येतात, काहींसाठी कारण लिहून संग्रहालयाची परवानगी मागावी लागते. कारण दोन ओळींत पण नेमके लिहा: कुठले हाड, कशासाठी, छापणार की नाही.

फाइल उतरवताना नेहमी होणारी चूक म्हणजे केवळ छेदांची झिप घेणे आणि सोबतची मजकूर-फाइल सोडून देणे. व्हॉक्सेलचा आकार त्याच फाइलीत असतो. निकॉनच्या यंत्राची असेल तर तीत तो मिलिमीटरमध्ये सरळ लिहिलेला सापडतो.

उघडताना दोन सापळे

स्लायसर उतरवा, त्यातल्या ‘एक्स्टेन्शन्स मॅनेजर’मधून स्लायसरमॉर्फ बसवा, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू करा. मग ‘इमेजस्टॅक्स’ हे मॉड्यूल उघडून छेदांच्या टिफ फाइली त्यात टाका. फाइलींची नावे आधी पाहून घ्या. ००१, ००२ अशी शून्ये लावलेली नसतील तर १ नंतर १० आणि १०० येऊन क्रम विस्कटण्याची शक्यता असते, आणि मग कवटीच्या मधोमध चोच दिसते.

पहिला सापळा मापाचा. टिफमध्ये व्हॉक्सेलचा आकार बहुधा नसतो, म्हणून स्लायसर तो १ मिलिमीटर धरून चालतो. १,२०० छेदांत बसलेले सहा सेंटिमीटरचे हाड मग १,२०० मिलिमीटरचे, म्हणजे सव्वा मीटरच्या आसपासचे दिसू लागते. पडद्यावर आकार तोच दिसतो, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. आकडे मोजायला घेतले की उघडी पडते. तिन्ही रकान्यांत व्हॉक्सेलचे माप हाताने भरा आणि लगेच पट्टी टाकून एक माहीत असलेली लांबी मोजून पाहा.

दुसरा सापळा जास्त घातक आहे: आरसा. यंत्राने छेद वरून खाली क्रमाने दिले की खालून वर, हे स्लायसरला कळण्याचा मार्ग नाही. क्रम उलटा बसला तर तीनपैकी एकच अक्ष उलटतो, आणि एक अक्ष उलटणे म्हणजेच आरशातली प्रतिमा. डाव्या पंखाचे हाड उजवे होते. सुट्या हाडावरून हे ओळखणे अवघड, कारण आकार निर्दोषच दिसतो. इमेजस्टॅक्समध्ये क्रम उलटवायची एक खूण आहे, ती करायची की नाही हे दगडाचा फोटो शेजारी ठेवूनच ठरवावे: पृष्ठभागावरची एखादी वाकडी भेग किंवा फुटलेला कोपरा घ्या आणि त्रिमितीय चित्रात तो त्याच बाजूला येतो का ते पाहा. स्कॅन तुमच्याच हाती असेल तर दगडाच्या एका बाजूला प्लॅस्टिकचा लहान तुकडा चिकटवून स्कॅन करा, म्हणजे पुढे वादच उरत नाही.

हाड कुठे संपते, खडक कुठे सुरू होतो

इथे स्लायसरची खरी परीक्षा लागते, म्हणून थोडे सविस्तर.

रुग्णालयातल्या सीटीत हाडाच्या करड्या छटेचा आकडा ठरलेला असतो. सूक्ष्म-सीटीत तसे नाही. प्रत्येक स्कॅनचे आकडे वेगळे. त्यामुळे कोणी सांगितलेला थ्रेशोल्ड, म्हणजे हाड आणि खडक यांच्यातला सीमेचा आकडा, उसना घेऊन चालत नाही. माऊस हाडावर नेला की डाव्या कोपऱ्यात खाली त्या व्हॉक्सेलचा आकडा दिसतो. वीसेक ठिकाणी हाडाचे आकडे घ्या, वीसेक ठिकाणी खडकाचे. समजा हाड ३२,००० च्या आसपास आणि खडक २६,००० च्या आसपास आला, तर सीमा मध्यावर, २९,००० ला धरावी.

ॲस्टेरिऑर्निस ज्यातून आला त्या मास्ट्रिख्टच्या चुनखडीत हे जमते, कारण हाडातले ॲपेटाइट चुनखडीतल्या कॅल्साइटपेक्षा घन असते: साधारण ३.२ विरुद्ध २.७. फरक मोठा नाही, पण डोळ्याला दिसतो. हाडाच्या पोकळीत पायराइट बसले असेल तर मात्र लोहामुळे तिथे पांढरे फटफटीत डाग आणि त्यांतून निघालेल्या काळ्या-पांढऱ्या रेघा येतात. त्या रेघांखाली काय होते हे स्लायसर सांगू शकत नाही, दुसरे कोणतेही सॉफ्टवेअरही नाही. तो भाग ‘अनिश्चित’ असे नाव देऊन वेगळ्या सेगमेंटमध्ये टाकावा. स्लायसरमध्ये हवे तितके सेगमेंट करता येतात, ही सोय इथे प्रामाणिकपणासाठी वापरायची.

आणखी एक नेहमीची अडचण: दगडाच्या कडा उजळ आणि गाभा काळपट. क्ष-किरणांच्या झोतातले मऊ किरण बाहेरच्या थरातच शोषले जातात, त्यातून हे होते. एकच थ्रेशोल्ड लावला तर काठावरचा खडक हाड ठरतो आणि आतले खरे हाड गळते. याचा इलाज स्कॅनच्या वेळी तांब्याची किंवा कथिलाची पातळ पट्टी झोतासमोर धरणे हा आहे. ती वेळ निघून गेली असेल तर दगडाचे तीन-चार भाग पाडून प्रत्येकाला वेगळा थ्रेशोल्ड द्या. ‘सेगमेंट एडिटर एक्स्ट्रा इफेक्ट्स’ या जोडणीत स्थानिक थ्रेशोल्डचे साधन आहे, तेही कामी येते.

छेदांमध्ये फिरण्याच्या अक्षाभोवती वर्तुळे दिसली तर सावध राहा. पक्ष्याचे पोकळ हाडही छेदात वर्तुळच असते. फरक ओळखायची खूण अशी: डिटेक्टरच्या दोषाची वर्तुळे प्रत्येक छेदात त्याच केंद्राभोवती असतात, आणि बाजूच्या दृश्यात ती सरळ उभ्या रेघा होऊन वरपासून खालपर्यंत धावतात. हाड असे धावत नाही. ते कुठेतरी रुंदावते, वळते, संपते.

‘ग्रो फ्रॉम सीड्स’: पंखाचे एक हाड जवळून

स्लायसरमधले सर्वांत मोलाचे साधन कोणते विचाराल, तर हेच. नाव सार्थ आहे: बी टाकायचे आणि वाढू द्यायचे. ते कसे चालते हे दंडाच्या हाडाच्या एका आडव्या छेदावर पाहू.

छेदात एक उजळ, बारीक कडे दिसते, जाडी चार-पाच व्हॉक्सेल. कड्याच्या आत तोच खडक आहे जो बाहेर आहे, कारण पोकळ हाडात गाळ शिरून तिथेच दगड झाला. आणि कड्याला एका जागी तडा आहे, एका व्हॉक्सेलइतका. नवखा माणूस कड्यावर हिरवे बी टाकतो, बाहेरच्या खडकावर तपकिरी, आणि ‘इनिशियलाइज’ दाबतो. आतल्या खडकावर कोणाचेच बी नसते. मग तिथे सर्वांत जवळचा रंग शिरतो, म्हणजे हाडाचा, आणि पोकळ हाड भरीव होऊन बसते. पक्ष्याच्या बाबतीत ही चूक साधी नाही. पोकळी किती मोठी आणि भिंत किती पातळ, यावरूनही त्याच्या उडण्याचा अंदाज बांधला जातो.

म्हणून आतल्या गाळावर स्वतंत्र बी टाकायचे, तेही वेगळ्या नावाने, ‘पोकळीतला गाळ’. पुढे पोकळीचे आकारमान हवे असेल तेव्हा ते आयतेच हाती येते. बी तिन्ही दृश्यांत टाकावे, प्रत्येकी दहा-पंधरा छेदांचे अंतर ठेवून. ब्रश गोलाकार ठेवा. शिफ्ट दाबून माऊसचे चाक फिरवले की तो लहान-मोठा होतो. ‘एडिटेबल इन्टेन्सिटी रेंज’ चालू करून हाडाच्या आकड्यांची मर्यादा घातली की हात थोडा घसरला तरी ब्रश खडकावर रंगत नाही. ‘इनिशियलाइज’ झाल्यावर लगेच ‘अप्लाय’ दाबू नका. पूर्वदृश्य उघडे ठेवून छेद खाली-वर फिरवा, जिथे रंग चुकला तिथे आणखी बी टाका. निकाल आपोआप बदलत जातो. समाधान झाले की मगच ‘अप्लाय’.

कवटीत अडचण वेगळी. क्वाड्रेट (खालचा जबडा कवटीला जोडणारे हाड) आणि मेंदूची कवटी यांच्यामध्ये एकाच व्हॉक्सेलचा पूल राहतो आणि दोन हाडे एक होतात. ‘मार्जिन’ने सेगमेंट एका व्हॉक्सेलने आक्रसून घ्या, ‘आयलंड्स’मधले ‘स्प्लिट’ चालवा, आणि सुटलेल्या तुकड्यांचेच बी करून पुन्हा वाढवा. स्प्लिट करताना किमान आकार १,००० व्हॉक्सेल तरी ठेवा. तो विसरलात तर धुळीच्या कणाएवढे हजारो सेगमेंट तयार होतात आणि संगणक बसतो.

मागाहून त्रास देणारी एक गोष्ट मार्गदर्शिकेत आहे, पण लोक वाचत नाहीत. सेगमेंटेशनची जाळी पहिल्यांदा निवडलेल्या व्हॉल्यूमवरून ठरते. अर्ध्या रेझोल्यूशनवर सुरुवात केली आणि नंतर पूर्ण रेझोल्यूशनचा व्हॉल्यूम निवडला, तरी जाळी जुनी, जाडीभरडीच राहते. चित्र बारीक, रंग ओबडधोबड. ‘स्पेसिफाय जॉमेट्री’चे बटण व्हॉल्यूमच्या नावाशेजारीच आहे, तिथून जाळी बदलून घ्यावी.

मोजमाप: इथे स्वतःवर विश्वास कमी ठेवा

२०१८ मध्ये ईएसआरएफवर स्कॅन झालेल्या आर्किऑप्टेरिक्स या अतिप्राचीन पक्ष्याच्या तीन नमुन्यांवरचा अभ्यास आला. पंखांच्या हाडांचे आडवे छेद, त्यांच्या भिंतींची जाडी आणि पिळाला तोंड देण्याची घडण आजच्या पक्ष्यांशी ताडून पाहिली आणि निष्कर्ष निघाला की हा प्राणी पंख मारून उडत होता, फेझंटसारखी छोटी झेप घेत. असा निष्कर्ष भिंतीच्या मिलिमीटरच्या अंशांवर तोललेला असतो.

आता घरचा हिशेब करा. भिंत ०.२ मिलिमीटर, व्हॉक्सेल ०.०५. म्हणजे भिंत चार व्हॉक्सेलची. थ्रेशोल्ड थोडा हलला आणि दोन्ही कडा अर्ध्या व्हॉक्सेलने सरकल्या, की जाडीत ०.०५ मिलिमीटरचा फरक पडतो. २५ टक्के! त्यामुळे कोणतेही माप एका थ्रेशोल्डवर घेऊ नका. मध्यबिंदूच्या खाली-वर दोन थ्रेशोल्ड घेऊन तीन मापे काढा आणि तिन्ही छापा.

स्लायसरची एक मूळ मांडणी इथे घात करते. ‘शो थ्री-डी’ दाबल्यावर पृष्ठभाग ०.५ इतका गुळगुळीत करूनच दाखवला जातो. चित्र सुरेख दिसते, पण टाळूच्या पापुद्र्यासारख्या हाडांना भोके पडतात आणि टोकदार भाग बोथट होतात. त्या बटणाच्या बाणाखाली हे गुळगुळीतपण शून्यावर आणता येते. मापे आणि आकारमाने गुळगुळीत पृष्ठभागावरून न काढता ‘सेगमेंट स्टॅटिस्टिक्स’मध्ये व्हॉक्सेलवरून काढावीत.

मेंदूच्या पोकळीचा साचा काढण्यासाठी ‘रॅप सॉलिडिफाय’ ही वेगळी जोडणी बसवावी लागते. लंडनच्या आर्किऑप्टेरिक्सच्या मेंदूचा साचा २००४ मध्ये सीटीवरून काढला गेला, आकारमान १.६ मिलिलिटर. ब्राझीलच्या नावाऑर्निसची न चेपलेली कवटी २०२४ मध्ये जगासमोर आली ती याच तऱ्हेच्या कामातून. कवटी धड असेल तर रॅप सॉलिडिफायला सर्वांत मोठी पोकळी शोधायला सांगितले की मज्जातंतूंची लहान भोके ते स्वतः बुजवते आणि काम मिनिटांत होते. पण कवटीची एक भिंत फुटलेली असेल तर साचा त्या खिंडारातून बाहेर ओघळतो. अशा वेळी धड अर्धा भाग निवडा, ‘ट्रान्सफॉर्म्स’मध्ये आरशासारखा उलटवून दुसऱ्या बाजूला बसवा, आणि किती भाग मूळचा व किती उलटवलेला हे दोन रंगांत दाखवा.

चपट्या पाट्यांचे काय

जर्मनीतल्या झोल्नहोफेनचा आर्किऑप्टेरिक्स किंवा चीनच्या लिआओनिंगमधले पक्षी पाटीत असतात. ४० सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर जाड पाटी फिरवली की क्ष-किरणांना एका कोनात २ सेंटिमीटर दगड पार करावा लागतो, दुसऱ्या कोनात ४०. वीसपट. लांब बाजूने जवळजवळ काहीच पलीकडे पोचत नाही आणि छेदभर रेघा येतात. सिंक्रोट्रॉनवर पाटी तिरकी धरून फिरवण्याची पद्धत आहे, तिने बरेच साधते. साध्या यंत्रावरच्या अशा स्कॅनमध्ये ग्रो फ्रॉम सीड्स भरकटते. हाताने दर पाचव्या छेदावर रेषा काढून ‘फिल बिटवीन स्लाइसेस’ने मधले भरून घेणे हाच मार्ग उरतो.

तरीही असा स्कॅन वाया जात नाही. शिकागोच्या फील्ड म्युझियमने आर्किऑप्टेरिक्सचा जो नमुना २०२५ मध्ये प्रसिद्ध केला, त्याच्या तासकामात सीटीचा उपयोग खोली सांगण्यासाठी झाला: हाड पृष्ठभागाखाली नेमके ३.२ मिलिमीटरवर आहे, म्हणजे तितकाच दगड काढायचा. मऊ भागांसाठी त्यांनी अतिनील प्रकाश वापरला. स्लायसरमध्ये अशी खोली ‘मार्कअप्स’च्या रेषेने मोजता येते, पण दृश्य आधी पाटीला काटकोनात फिरवून घ्या. रेषा ३० अंशांनी कलली तर ३.२ ऐवजी ३.७ मिलिमीटर वाचले जाईल. खोदणारा तेवढ्या भरवशावर अर्धा मिलिमीटर जास्त खाली गेला तर हाड गेलेच.

इतरांच्या तुलनेत

अविझो आणि व्हीजीस्टुडिओ मॅक्स ही संग्रहालयांतली नेहमीची नावे. मोठ्या डेटावर ती स्लायसरपेक्षा स्पष्टपणे सरस आहेत, विशेषतः व्हीजीस्टुडिओ. परवाना मात्र महाग, आणि परवाना संपला की त्याच्या खास फाइली उघडायचीही पंचाईत. स्लायसरची सेगमेंटेशनची फाइल एनआरआरडी या खुल्या प्रकारात असते. दहा वर्षांनी दुसऱ्या कोणीही उघडावी.

मोफत पर्यायांत ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अजय लिमये यांनी घडवलेले ‘दृष्टी’ आहे. मेमरीत न मावणारा व्हॉल्यूम नुसता पाहायचा, हवा तसा कापून दाखवायचा, व्याख्यानासाठी चलचित्र करायचे, तर स्लायसरपेक्षा दृष्टी वापरा. छेदागणिक हाडे वेगळी करायला आणि मोजायला स्लायसर.

आपोआप हाडे ओळखणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जोडण्या स्लायसरमध्ये भरपूर आहेत, पण बहुतेक माणसाच्या शरीरावर शिकलेल्या. टोटलसेगमेंटेटरसारखी जोडणी दगडातल्या पक्ष्यावर चालवू नये. फासळी म्हणून ती भेगेलाही रंगवेल.

जतन

मोठी फाइल जतन करताना ‘कॉम्प्रेस’ची खूण काढा, नाहीतर दहा-दहा मिनिटे वाट पाहावी लागते. सगळे एकत्र बांधणारी एमआरबी फाइल कोणाला पाठवण्यापुरती ठीक. रोजच्या कामात व्हॉल्यूम, सेगमेंटेशन आणि सीन वेगळे ठेवा. फोल्डरच्या नावात मोकळ्या जागा आणि देवनागरी अक्षरे टाळा.

थ्री-डी छपाईसाठी एसटीएल फाइल काढा, पण जपून ठेवायची ती सेगमेंटेशनची फाइल. एसटीएलमध्ये उरते फक्त कवच. कुठला व्हॉक्सेल का निवडला हे त्यातून तपासता येत नाही. मास्ट्रिख्टच्याच खडकांतल्या एका पक्ष्याचे पहिले वर्णन २००२ मध्ये झाले होते. स्कॅन पुन्हा बारकाईने पाहिल्यावर खांद्याचे समजलेले हाड टाळूतले टेरिगॉइड निघाले, आणि २०२२ मध्ये तो जानाविस या नावाने प्रसिद्ध झाला. आजचे तुमचे सेगमेंटही उद्या कोणीतरी असेच उघडून पाहणार आहे. सोबत एक साधी मजकूर-फाइल ठेवा: व्हॉक्सेलचे माप, थ्रेशोल्डचे तिन्ही आकडे, क्रम उलटवला की नाही, कुठला भाग आरशातून घेतला.

नव्याने सुरू करणाऱ्याने थेट जीवाश्माला हात घालू नये. अमेरिकेच्या ओव्हर्ट प्रकल्पाने २०१७ ते २०२३ मध्ये १३,००० हून अधिक नमुने स्कॅन करून मॉर्फोसोर्सवर ठेवले आहेत. त्यांतली आजच्या एखाद्या पक्ष्याची कवटी घ्या. तिथे हाडाभोवती बहुतांशी हवा आणि मऊ भाग असतात, थ्रेशोल्ड पहिल्या झटक्यात बसतो. तिच्यातले क्वाड्रेट, टेरिगॉइड आणि खालच्या जबड्याची हाडे एकेक करून सुटी करा, नावे द्या, पुन्हा जोडून पाहा. न पाहता क्वाड्रेट हाताने रेखाटता येईल इतके ते डोळ्यांत बसले, की चुनखडीतले अर्धे झाकलेले क्वाड्रेटही ओळखू येते. मग दगडाची फाइल उघडा.